पाठीमागची चांदी

"काका, आर्गन मारून मिळेल का?" पुनावळ्यातल्या माझ्या शेडच्या दाराशी दिवसातून चार वेळा तरी हे ऐकू येतं. ड्रॉइंगवर त्याला टिग वेल्डिंग म्हणतात, पण ड्रॉइंग घेऊन येतं कोण? येतो तो स्टेनलेसच्या रेलिंगचा तुकडा, नाहीतर बुलेटचा सायलेन्सर. गेल्या थंडीत मात्र एक आयटीतला पोरगा सायकलची नुसती फ्रेम खांद्याला अडकवून आला. चाकं नाहीत, हँडल नाही, रंगाचा थेंब नाही. पावसाळी ढगासारखी राखाडी. मी ती उचलायला गेलो आणि हात भसकन वर गेला. जोर लोखंडाच्या हिशेबाने लावला होता ना.

टायटॅनियम. रोडवर पळवायची, परदेशातून मागवलेली. पेडलच्या कण्याजवळ, जिथून मागच्या चाकाकडे नळी जाते तिथे, केसासारखा तडा. कंपनीचं नाव लिहीत नाही. बारा वर्षं घाट चढून थकलेल्या धातूचं खापर कोणावर फोडायचं?

दोन दिवस मागून घेतले. धातू मला नवा नव्हता. भोसरीत वस्तादांच्या हाताखाली होतो तेव्हा केमिकल प्लांटच्या टायटॅनियमच्या नळ्या आम्ही जोडायचो. पण त्यांची जाडी दोन-अडीच मिलिमीटर. इथे एकाच्याही आत.

स्वभावाने हा धातू विचित्र आहे. घनसेंटिमीटरभर लोखंड 7.8 ग्रॅम भरतं, हा 4.5. ताठपणा पोलादाच्या जेमतेम निम्मा, म्हणून या सायकलींच्या नळ्या घेराने मोठ्या करतात. गंजत नाही, म्हणून रंग नको. थंड असताना हवेशी काही वैर नाही. तापला की मात्र हवा पितो. चारशे-पाचशे अंशांच्या पुढे ऑक्सिजन, नायट्रोजन आत ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. वितळतो 1668 अंशांना. म्हणजे तिथून निवेपर्यंत त्याला वारा लागू द्यायचा नाही, बाळंतिणीसारखा जपायचा. समोरून टॉर्चमधला आर्गन राखण करतो. पाठीमागे, नळीच्या पोटात, वेगळा आर्गन भरावा लागतो. आम्ही त्याला पर्जिंग म्हणतो. गिऱ्हाईक पाहतं ती समोरची बाजू. जोड टिकतो की नाही ते पाठीमागे ठरतं.

आणि झालेली चूक रंग सांगून टाकतो. जोड चांदीसारखा राहिला तर उत्तम, गवती पिवळा झाला तर चालेल. निळा-जांभळा दिसला की पोटात गोळा येतो. राखाडी होऊन वर पांढरी भुकटी आली की कापून टाकायचा, वाद घालायचा नाही.

पहिल्या दिवशी तसल्याच पातळ नळीच्या तुकड्यावर हात बसवायला घेतला. जोड इतका देखणा आला, नाणी एकावर एक सरकवून ठेवल्यासारखा, की माझ्या हेल्परने मोबाइलवर फोटो काढला. मग मी नळी उभी चिरली. आत निळंशार, मध्ये राखाडी. व्हाइसमध्ये धरून वाकवली तर खारी तुटावी तशी तुटली. कारण शोधण्यात तास गेला. आर्गन हवेपेक्षा जड, आणि मी तो वरून सोडत होतो. तो हवेत मिसळत खाली जायचा, आणि हवा बाहेर पडायच्या ऐवजी आतच घुटमळायची. खालून सोडला असता तर विहिरीला पाणी चढतं तसा चढला असता आणि हवेला वरून बाहेर काढलं असतं. तीस वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक. हेल्परला फोटो पुसायला सांगितला.

त्या रात्री झोप येईना. या सायकली कोण आणि कशा बनवतं ते मोबाइलवर वाचत बसलो. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगाजवळ लिन्स्की कुटुंबाचं मशीन शॉप होतं. म्हणजे आपल्या भोसरीसारखंच, दुसऱ्यांची कामं करून देणारं. डेव्हिड लिन्स्कीचा गुडघा पळून पळून दुखावला, तो सायकलकडे वळला. शॉपमध्ये टायटॅनियम होतंच. त्याची त्याने स्वतःसाठी फ्रेम केली. त्यातून 1986 च्या सुमारास लाइटस्पीड उभी राहिली. नळ्या बहुतेक 3-2.5 जातीच्या, म्हणजे तीन टक्के अ‍ॅल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम. मुळात विमानांच्या हायड्रॉलिक लाइनसाठी केलेल्या. व्हॉर्टेक्स नावाच्या रोड मॉडेलला त्यांनी 6-4 घेतलं. ते अधिक मजबूत, पण त्याची नळी ओढून काढणं जिकिरीचं. मग पत्रा गोल वाकवून त्याला लांबलचक शिवण मारायची. ते वाचून मी अंथरुणात उठून बसलो. एक मिलिमीटरच्या पत्र्याला सरळ शिवण! 2002 च्या टूर द फ्रान्समध्ये रॉबी मॅकएवनने हिरवी जर्सी घेतली ती लाइटस्पीडवर. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीच्या पायांच्या नळ्यांनाही याच कंपनीचा हात लागलेला. घराण्याने 1999 मध्ये कंपनी विकली आणि काही वर्षांनी आपल्या आडनावानेच दुसरी काढली. हे मला फार आवडलं. शॉप विकता येतं, हात कुठे विकणार?

मी मूळचा रत्नागिरीकडचा. काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूच्या रेघा उमटतात. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक त्यात फिरवून आम्ही मुलं त्याला मिशा काढायचो. चुंबकाला चिकटायचं ते मॅग्नेटाइट. पण त्याच वाळूत इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियम एकत्र नांदणारं. पायाखाली होतं ते, आणि मला कळलं पन्नाशीला टेकल्यावर.

दुसऱ्या दिवशी शेडचा पंखा बंद, शटर अर्धं खाली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे पळत नाही. तडा कोरून काढला, अ‍ॅसिटोनने पुसला. मग उघड्या बोटाने शिवायचंसुद्धा नाही, घामाचा तेलकटपणा आत जातो. आर्गन या वेळी खालून. फ्रेमच्या नळ्या एकमेकींना आतून बारीक छिद्रांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे तो सगळीकडे पोचतो. ती छिद्रं पाडणाऱ्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

जोड मारायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चाप सोडला, ठिणगी विझली, तरी टॉर्च हलवला नाही. गॅस चालू ठेवून मनात आकडे म्हणत उभा राहिलो. वस्ताद ओठ हलवत म्हणायचे, तसेच. मग दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा आत घातला. चांदी. एका टोकाला मात्र गवताच्या काडीएवढी पिवळी कडा. चालण्यासारखी आहे. तरी मला ती अजून खुपते.

पोरगा म्हणाला, "काका, बफ मारून सपाट करा ना, दिसणार नाही."

"दिसू दे," मी म्हटलं. "घासून पातळ केलं तर पुन्हा माझ्याकडे येशील."

तीन आठवड्यांनी तो आख्खी सायकल घेऊन आला. म्हणाला, रविवारी कासारसाई धरणापर्यंत जाऊन आलो, एक चक्कर तुम्ही मारा. टायटॅनियम रस्त्याचे धक्के गिळतं म्हणतात. मला विचाराल तर निम्मं श्रेय टायरचं. सीट माझ्यासाठी उंच, हँडल खाली; ओणवा होऊन हायवेच्या अंडरपासपर्यंत गेलो. तिथे नेहमीसारखा चक्का जाम, मिक्सर, टेम्पो, स्कूलबस. उतरलो, सायकल एका हाताने उचलून खांद्यावर टाकली आणि दोन टेम्पोंच्या फटीतून पलीकडे गेलो. टेम्पोवाला खिडकीतून बघत राहिला.