माजघराचें छायाचित्र

धुळ्याच्या जुन्या वस्तींतील आमचा वाडा गेल्या दिवाळीनंतर विकावयाचें ठरलें. घेणारा तो पाडणार, हें उघडच होतें. मी जळगांवास नोकरीला; भावंडांनीं माझ्यावर एकच काम सोंपविलें, वाड्याचीं छायाचित्रें घेऊन ठेवण्याचें. घरांत डिजिटल एसएलआर कॅमेरा होता. पण त्याबरोबर आलेलें १८–५५ मिलिमीटरचें भिंग लावून माजघराच्या भिंतीस पाठ टेकली, तरी देव्हारा घ्यावा तर झोपाळा सुटे, झोपाळा घ्यावा तर देव बाहेर राहत!

तेव्हां वाइड अँगल भिंगाची चौकशी केली. ज्या वाचकांवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं थोडा हिशोब मांडतों. साध्या डिजिटल एसएलआरमधील सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. म्हणून भिंगावरील आंकड्यास निकॉनमध्यें १.५ नें व कॅनॉनमध्यें १.६ नें गुणावें, म्हणजे जुन्या मापाशीं तुलना होते. निकॉनवर १८ चें भिंग २७ सारखें वागतें, १० चें १५ सारखें. पहिल्यांत कर्णावर सुमारें ७६ अंश मावतात, दुसऱ्यांत सुमारें ११०.

भाच्यानें आपलें १० मिलिमीटरचें भिंग दोन दिवसांपुरतें दिलें. एरंडोल, पारोळें करीत एस.टी.नें धुळें गांठलें. उत्साहाच्या भरांत प्रथम लळिंगचा किल्ला टिपावयास गेलों, तों सबंध डोंगर चित्रांत वारुळाएवढा! हें भिंग दूरच्यासाठीं नव्हे, अडचणीच्या जागेंतलें सारें एकत्र आणण्यासाठीं, हें तेथें उमगलें.

माजघरांत मात्र देव्हारा, झोपाळा, कडीपाट, सर्व एका चौकटींत आलें. कॅमेरा किंचित् वर वळविला कीं खांब आंत कलत. म्हणून तो समपातळींत ठेवला. कडेला बसलेल्या आईचा चेहरा ओढल्यासारखा दिसे, म्हणून तिला मधोमध झोपाळ्यावर बसविलें. उजेड अपुरा, पण तिवई होती. तिनें क्षणभर न हलण्याचाच काय तो प्रश्न. घरासाठीं एफ २.८ चें महाग भिंग मुळींच नको. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वर्ज्य आणि परवानगीवांचून तिवईहि नाहीं. तेथें मात्र मोठ्या छिद्राच्या भिंगाचे पैसे वसूल होतील.

अर्थात् रुंदी म्हणजे कला नव्हे. चाळीसगांवच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं वर्षानुवर्षें घराबाहेर न पडतां टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून केवढीं दृश्यें उभीं केलीं!

चित्र पाहून आई म्हणाली, “एवढें मोठें होतें होय रे आपलें माजघर? तेरा माणसें निजायचीं तेव्हां पाय पसरायला जागा नसे.”

तें ऐकून मीं जुनें भिंग चढविलें आणि नुसता दिव्याच्या काजळीनें काळवंडलेला कोनाडा टिपला. दोन्ही चित्रें आतां जळगांवच्या घरीं शेजारीं शेजारीं आहेत. भाच्याचें भिंग परत केलें. तसें विकत घेणार होतों, पण तें लावावयास आतां माजघर कोठें आहे?