शिंगरोबापाशी थांबलेली गाडी

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा संस्थेच्या जडणघडणीविषयी लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्याविषयी अधिकाराने लिहिणारे ज्येष्ठ सहकारी या अंकात आहेतच. आम्ही आमच्या जुन्या मोटारीविषयी लिहीत आहोत. कारण त्या हकिकतीत या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी आहे आणि आमच्याकडे राहिलेले त्याचे एक देणे आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कर्जतहून पुण्याला नेत होतो. खोपोली सोडून बोरघाट चढू लागलो आणि अवजड ट्रकांच्या मागे रखडताना तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बोनेटमधून वाफ येऊ लागली. शिंगरोबाच्या देवळाजवळ गाडी उभी केली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. जाणारे-येणारे चालक तेथे नाणे टाकतात. आख्यायिका आणि पुरावा यांतील भेद शिकवण्यात आमची हयात गेली, तरी त्या क्षणी कसलाही विचार न करता आम्ही फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघालो. आई आतून ओरडली, "अरे, वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडतात का?"

तिचे खरे होते. झाकणाखालच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब सुटला की तेच पाणी उसळून हातातोंडावर येते. तासभर त्या माउलीला दगडावर बसवून ठेवावे लागले. तपासणी राहिली.

एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की इंजिनाचे हेड उतरवावे लागेल. रक्कम ऐकून, गार झालेल्या इंजिनात पाणी भरून, सायंकाळी गाडी घरी आणली आणि खोपोलीच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणाऱ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न असा : "सर, काटा गाडी पळताना चढतो की उभी असताना?" आठवून पाहिले. नेरळच्या रस्त्याला कधीच नाही. चार फाट्याच्या गर्दीत मात्र नेहमी. "मग हेड राहू द्या. आधी पंखा बघा." गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो, रखडते तेव्हा सारी भिस्त पंख्यावर.

सकाळी अंगणात इंजिन सुरू केले. ऑइलमध्ये दुधाळपणा नव्हता, टाकीत बुडबुडे नव्हते; म्हणजे हेडविरुद्ध पुरावा नव्हता. रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप बराच वेळ गार राहून एकाएकी तापला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. काटा मध्याच्या वर सरकला तरी पंखा मुका. इंजिन बंद करून फ्यूज पाहिला, शाबूत. पंख्याला बॅटरीची तार थेट जोडली, तर तो गरगरला. म्हणजे खोट मधल्या वाटेवरच. तापमान ओळखणाऱ्या स्विचच्या जोडाची पिन हिरवट गंजाने माखली होती. बारीक पॉलिश पेपरने ती घासली, जोड बसवला, पुन्हा इंजिन तापवले आणि पंखा आपोआप लागला.

रेडिएटरमधून मात्र तांबूस गढूळ पाणी निघाले. दोन वर्षे आम्ही त्यात बोअरचे पाणी ओतत होतो. तो दोष सर्वस्वी आमचा. आत स्वच्छ करून कूलंट व डिस्टिल्ड वॉटर भरले.

पुढच्या महिन्यात त्याच घाटाने गेलो. ट्रकांच्या रांगेत थांबलो तेव्हा आईने विचारले, "पंखा लागला का रे?" लागला होता.

लोणावळ्यात चहा घेताना त्याला फोन केला. नववीत असताना त्याने वसतिगृहाच्या पंपाची मोटर उघडली होती. पंप बिघडवला, असे समजून आम्ही त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले; त्याला काही विचारले नाही. त्या दिवशी विचारले.

"कपॅसिटर गेला होता, सर," तो म्हणाला. "मी उघडायच्या आधीच."