धामणगावचं गाडगं

धामणगाव म्हटलं की लोकांना अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे आठवतं. माझ्या थोरल्या नणंदेचं गाव ते नव्हे. तिचं धामणगाव बढे, बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. मलकापूरला गाडीतून उतरायचं, मोताळ्याची एस.टी. धरायची आणि तिथून पुढे. दोन्ही बाजूंना कपाशी, काळीभोर जमीन आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ.

दिवाळीनंतर चार दिवस गेले होते. वन्संच्या घरी मागच्या अंगणातली जुनी भिंत पाडून नवा पाया खणणं चालू होतं. मी पोचले तेव्हा ओसरीवर सगळे गोल करून बसलेले. मधोमध फुटकं गाडगं आणि त्याच्या मातीत आठ-दहा हिरवी चकदळं. वन्सं चिंच भिजत घालायलाच निघाल्या होत्या.

"बरं झालं आली वहिनी! तांब्याची हायेत म्हन्तात. मीठ-चिंच लावून चकाचक करते न् मंग पाहू काय लिवलंय ते."

मी अक्षरशः त्यांचा हात धरला. त्याचं कारण आहे, ते सांगते.

माझ्या सासऱ्यांना पूर्वी शेतात नांगराला एक शिवराई लागली होती. देवघरात असायची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अशी तांब्याची नाणी शिवाजीमहाराजांच्या काळापासून पडत आली आणि पेशवाईतही पडत राहिली, म्हणून खेड्यापाड्यांत अजून सापडतात. मी नवी सून, उत्साह फार! दर दिवाळीला देवाच्या उपकरणांबरोबर तिलाही चिंच-मीठ आणि विटेचा चुरा. चार-पाच दिवाळ्या झाल्या आणि एकदा सासरे शिवराई हातात घेऊन म्हणाले, "सूनबाई, छत्रपती कुठं गेले?" गुळगुळीत चकती उरली होती. पुढे तिच्यावर फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके उठले ते कितीही पुसले तरी परत येत. सासरे रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

नंतर नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांनी उलगडा केला. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या तांब्याचा वरचा थर हळूहळू बदलून हिरवा होतो. पुष्कळदा अक्षरांची कड आता तांब्यात नसतेच, त्या हिरव्या थरात असते. चिंचेच्या, लिंबाच्या आंबटाने थर विरघळला की अक्षरही गेलं. मिठाचं तर त्याहून वाईट. ते आत मुरतं आणि दमट हवा लागली की तांबं आतून पोखरत राहतं. फिकट पिठूळ ठिपके दिसले की समजावं, रोग लागला. आपला रोजचा तांब्या-कळशी खुशाल चिंचेनं घासा, त्यांच्यावर वाचायचं काही नसतं.

"मंग धुवायचंच नाई का?" वन्संनी विचारलं.

धुवायचं, पण घरचं, वाडवडिलांकडून आलेलं नाणं असेल तर. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार. त्यात नाणं भिजत ठेवावं, पाणी दर आठवड्याला बदलावं, महिनाभर घाई करू नये. माती मऊ झाली की रंगाच्या मऊ ब्रशने किंवा दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच काढावी. मग पूर्ण कोरडं करून कागदी पाकिटात. हिरवा रंग जात नाही, जाऊ द्यायचाही नाही.

जमिनीतून निघालेल्याची गोष्ट निराळी. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हे सांगितल्यावर ओसरी गप्प झाली. नणंदेच्या यजमानांनी पानदान ओढलं. "म्हंजे सरकार घेऊन जाईल."

फुकट नाही, मी म्हटलं. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण थोरल्या पुतण्याला उत्सुकता होती ती निराळी. घाटाखाली, जवळच्या रोहिणखेडला १५८२ सालची मशीद आहे, खानदेशातून वर चढायची जुनी वाट तिथूनच जायची. या अंगणात गाडगं पुरणारा त्या वाटेवरचा कोण असेल, व्यापारी की शिपाई की घरचीच एखादी बाई, आणि ते काढायला परत का आला नाही? नाण्यांवरची अक्षरं घासून गेली तर हे कोणाला कधीच कळणार नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर यजमानच म्हणाले, "उद्या मोताळ्याले जातो तहसिलात. अर्ज लिव रे."

आम्ही दोघींनी सुक्या ब्रशने फक्त सुटी माती झाडली, प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात गुंडाळलं, गाडग्याचे तुकडेही वर ठेवले. त्यातल्या एकावर, दिव्याच्या उजेडात तिरपं धरल्यावर, हिरव्यातून एक वेलांटी स्पष्ट दिसली. वन्संनी ते नाणं कडेला धरून बराच वेळ पाहिलं.

भिजवलेली चिंच वाया गेली नाही. सकाळी वरणात घातली.