सासर जळगाव, माहेर धुळे आणि चौदा दिवसांची लढाई

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे वाजवायचे, दिवे मालवायचे, आडोसा कसा घ्यायचा ते लोकांना शिकवायचं. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत आमच्या जळगावच्या शेजारचं भुसावळही होतं. टीव्हीवर ती बातमी पाहून नात मला विचारते, "आजी, ब्लॅकआउट म्हणजे लोडशेडिंगच ना गं?"

मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, तुम्ही एकाहत्तरचं सांगता ना अधूनमधून, ते एकदा नीट सांगा की हिला." त्याच महिन्यात धुळ्याला माहेरी लग्न होतं. आम्ही तिघी निघालो. जळगाव सोडलं, बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला आणि मी सांगायला सुरुवात केली.

मैत्रिणींनो, १९७१ साली माझं लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. सासर जळगावच्या जुन्या पेठेत, माहेर धुळ्याचं. पाठचा भाऊ सैन्यात, सिग्नलमध्ये. त्या वर्षी पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. जवळजवळ एक कोटी माणसं आली. त्यांच्या मदतीसाठी सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं होतं. भावाला पाठवायच्या पाकिटावर ते चिकटवताना मला पहिल्यांदा वाटलं, ही गोष्ट आता आपल्या घरात शिरली.

३ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. जळगावला तेव्हा आकाशवाणीचं केंद्र नव्हतं. शेजारच्या वकिलांकडे मोठा रेडिओ होता. अर्धी गल्ली त्यांच्या ओटीवर अंगावर शाली घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारी आमच्याकडे भरताचा बेत होता. डिसेंबर म्हणजे खानदेशात भरताचे दिवस. बामणोदची मोठी हिरवी वांगी आणली होती, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ दळून आलं होतं. शेतात रात्री कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर वांगी भाजायची, अशी रीत. पण सकाळीच मामंजी गरजले, "रात्री जाळ? वरून दिसला म्हणजे? पंधरा मैलांवर भुसावळ जंक्शन आहे, तिथं आणि वरणगावला दारूगोळ्याचे कारखाने आहेत!" झालं! भरीत भर दुपारी परसात झालं. संध्याकाळी मामंजींनी खळ करायला लावली आणि घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटवले. नुकतीच पौर्णिमा झालेली. बाहेर पिठासारखं चांदणं पडलेलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "दिवे झाकले ते बरं केलं. पण त्या चंद्राला कागद कोण लावणार?" मामंजींसकट सगळे हसले. पण कागद काही निघाले नाहीत.

लढाई होती हजार मैलांवर. आमच्यापर्यंत आली ती बाजारातून. सोमवारी दाणा बाजारात गेले तर बायकांची ही गर्दी. जिला दोन किलो साखर पुरते ती पाच मागत होती. एका दुकानदारानं "घासलेट संपलं" म्हणून डबा उपडा करून दाखवला आणि आमच्यामागून आलेल्या ओळखीच्या माणसाला मागच्या दारानं बाटली दिली. मी घरी येऊन फणफणले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यानं लपवलं ते वाईटच. पण आपण पाच-पाच किलो मागितलं नसतं, तर त्याला लपवायचं सुचलं असतं का?" आमच्या सासूबाईंच्या उजव्या हातात एकच पाटली असे. दुसरी १९६२ साली चीनच्या लढाईत संरक्षण निधीला दिलेली. १९६५ साली शास्त्रीजींनी सांगितलेलं सोमवारचं संध्याकाळचं जेवण सोडणंही त्यांनी पुढं कितीतरी दिवस चालू ठेवलं होतं. त्यामुळं त्या बोलल्या की उलट उत्तर सुचत नसे.

घासलेट पुरवायचं म्हणून आम्ही काय काय केलं! तुरीची डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे लवकर शिजते. भाताला दोन कढ आले की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचं. अर्ध्या तासात भात मोकळा तयार. दूध तापवताना वर झाकणाऐवजी पाण्याचं भांडं ठेवायचं, तेच पाणी पुढं कणकेला आणि भांड्यांना. शेवटी परसात चूल मांडली आणि कपाशीच्या काड्यांवर भाकरी थापल्या. यातलं बरंचसं मी आजही करते, सवय म्हणून.

गावातली बातमी म्हणजे तरी काय? वर्तमानपत्रापेक्षा नळावर जास्त कळे. भुसावळच्या यार्डात हेर सापडला, तापीच्या पुलाखाली काहीतरी मिळालं, असं रोज काहीतरी नवं. दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच खरं नसे. एक मात्र आमच्याच घरातलं. रावेरकडच्या मामेसासऱ्यांची केळी कापून स्टेशनात आणलेली, पण वॅगन मिळेना. गाड्या लष्कराच्या कामात. दिल्लीला जायची केळी त्यांनी आल्यागेल्याला वाटली. आमच्याकडंही दोन घड आले. आठवडाभर घरात केळ्याची कोशिंबीर, केळ्याचं शिकरण. मामेसासऱ्यांच्या कर्जाचं काय झालं असेल, हा विचार तेव्हा मला शिवलाही नाही. आज शिवतो.

तेवढ्यात धुळ्याहून आईचं कार्ड आलं. दादांच्या हातचं. मजकूर एवढाच: 'भावाचा कागद महिन्यात नाही. तुझी आई जेवत नाही. जमल्यास येऊन जाणे.' आमचे हे काही बोलायच्या आत सासूबाईंनीच पिशवी भरली. त्यात वांगी, केळी आणि घासलेटची एक बाटली, बूच घट्ट लावून फडक्यात गुंडाळलेली. म्हणाल्या, "माहेरी जाताना लेकीनं काय न्यावं हे वेळ सांगते."

इथवर सांगेपर्यंत आमची गाडी एरंडोल सोडून पारोळ्याला आली होती. आता रस्ता रुंद झालाय. तेव्हा एस.टी. खडखडत जाई आणि पारोळ्याला चहाला थांबे. त्या दिवशी संध्याकाळ झाली. समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासलेला. फागण्याच्या पुढं धुळ्याचे दिवे दिसायची मला सवय. त्या दिवशी दिसलेच नाहीत. पोटात धस्स झालं. गाव जागच्या जागी असूनही हरवल्यासारखं वाटलं.

धुळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ च्या सुमारास नव्या पेठा आखल्या, म्हणून तिथले रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. मधून जातो तो आग्रा रोड. मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना रस्ता, तोच आमचा बाजार. पाच कंदिलाच्या चौकात भाजी घ्यायची, आग्रा रोडला कापड घ्यायचं. आणि त्या ३ डिसेंबरला शत्रूची विमानं गेली होती ती ठिकाणं रेडिओनं सांगितली, त्यांत आग्राही होतं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी लगेच धसका घेतला, "आग्र्याला आले, म्हणजे आपल्याच रस्त्यावर आले की!"

आई ओट्यावर बसली होती. हातात भावाचं जुनं पाकीट. त्यावर पत्ता ९९ ए.पी.ओ. "हे गाव कुठं आलं गं?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं, ते गाव नाही, लष्कराच्या टपालाचा नंबर आहे, ठिकाण गुप्त ठेवतात. आई म्हणाली, "आपल्या धुळ्यात गल्लीला नंबर. तिकडं गावालाच नंबर! कुठं म्हणून डोळ्यांपुढं आणू मी त्याला?"

रात्री आम्ही मायलेकी एका रजईत. आई आपल्या तरुणपणातल्या लढाईचं सांगत होती. कंट्रोलचं कापड, मधोमध भोक असलेला पैसा, मोड मिळायची मारामार. १९४४ च्या १४ एप्रिलला आमच्याच भागात चिमठाण्याला क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. गावात घरोघर तीच कुजबूज. आणि नेमक्या त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याची बोट फुटली. माझे थोरले मामा तेव्हा मुंबईला नोकरीला. "खजिन्याची बातमी तासात आली," आई म्हणाली, "भावाची यायला सहा दिवस. तेव्हा मला कळलं, मोठी बातमी आपल्या पायांनी चालत येते. आपली बातमी कुणीतरी आणावी लागते."

१३ तारखेला दुपारी तारवाला गल्लीत शिरला. सायकलची घंटी वाजली आणि ज्या त्या दारात बायका जागच्या जागी थिजल्या. निवडणं थांबलं, नळ वाहत राहिला. तो आमच्या दारावरून पुढं गेला. चौथ्या घरापाशी उतरला. तार वाचून तिथली सून रडायला लागली, तशी शेजारची आजी आमच्या आईला पोटाशी धरून म्हणाली, "रडू नको वं माय." मग कळलं, सुरतेला नणंदेला मुलगा झालाय. ती आनंदानं रडत होती! सगळी गल्ली हसायला लागली. आई हसली नाही. ती आत गेली आणि देवापुढं बसून राहिली. रात्री मला एवढंच म्हणाली, "आज कुठल्या तरी गल्लीत दुसरी तार गेली असेल गं." चारच दिवसांपूर्वी दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' बुडाली होती, कॅप्टन मुल्लांसकट. आईनं ते मनात ठेवलं होतं.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्र्याण्णव हजारांनी हात वर केले म्हणून पाच कंदिलावर फटाके, गुलाल. दादांनी पेढे आणले. आईनं आपला पेढा देवापुढं ठेवला आणि तिथंच राहू दिला. "त्याचा कागद येऊ दे."

२२ तारखेला कागद आला! मी अंगणातून ओरडतच आत गेले. दादांचे हात थरथरत होते. 'मी सुखरूप आहे, काळजी करू नये.' आईनं पहिला प्रश्न विचारला, "तारीख कुठली?" दादांनी पाहिलं. ५ डिसेंबर. कुणी काही बोललं नाही. लढाईचे अकरा दिवस त्या तारखेनंतरचे होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आम्हा शिकलेल्यांच्या लक्षात आलं नाही ते तिच्या आलं.

दुसरा कागद ३० तारखेला आला. तारीख १९ डिसेंबर. अक्षर त्याचंच. खाली एक ओळ होती, 'इकडे भात फार, भाकरी नाही.' ती ओळ ऐकून आई पहिल्यांदा रडली. मग उठून तिनं देवापुढचा तो पेढा घेतला. वाळून खडा झाला होता. बत्त्यानं फोडून आम्हा सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. शेवटचा चारवाल्या घरच्या बाळंतिणीला पाठवायला पुडीत बांधला.

पुढच्याच वर्षी, १९७२ ला, मोठा दुष्काळ पडला. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायला गेलेल्या बायका. ती चौदा दिवसांची लढाई लोक विसरले. दुष्काळाची लढाई त्याहून लांब चालली, आणि तिच्यात पेढे वाटायचा दिवस ठरलेला नसतो.

तर परवा धुळ्याला लग्नात भाऊ भेटला. सत्तरी कधीच ओलांडली, काठी आली. नातीनं त्याला विचारलं, "आजोबा, लढाई कशी होती?" तो म्हणाला, "तुझ्या पणजीला विचारायला हवं होतं. मला निदान काय चाललंय ते दिसत होतं." मग दोघं पाच कंदिलाला कुल्फी खायला गेले.

आता नातवंडांचे निरोप फोनवर क्षणात येतात. सून हसते, पण माझी सवय काही जात नाही. मजकूर नंतर. आधी मी वेळ आणि तारीख बघते.