दोर सोडणारा हात

तौक्ते वादळ १६ मे २०२१ला रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या परसातल्या रायवळ आंब्याची एक जाडजूड फांदी बेचक्यापाशी चिरली. पडली असती तर बरं झालं असतं. ती पडवीच्या मंगळुरी कौलांवर अधांतरी राहिली आणि पाऊस तोंडावर आला होता.

झाडावर चढून फांद्या तोडणारा पाडेली कापायचं मशीन घेऊन आला. दोर सांभाळायला मी मिरकरवाडा बंदरातल्या एका जुन्या खलाशाला, चाचांना, बोलावलं. चाचांनी बोटीवरचा जाड नायलॉनचा दोर आणला होता. दोरावरून बोट फिरवत त्यांनी सगळी लांबी तपासली, कुठे तंतू तुटलेत का ते पाहिलं आणि मगच तो वर दिला.

आधी चिरलेली फांदी वरच्या धडधाकट खांदीला आवळून घेतली. कामाचा दोर दुसऱ्या उंच बेचक्यातून सोडला. आंब्याची साल खरबरीत, दोर काचतो, म्हणून बेचक्यात गोणपाट घातलं. दोराचं दुसरं टोक खाली आलं, तसे चाचांनी बुंध्याला तीन वेढे दिले. धक्क्यावर बोट बांधताना खुंट्याला देतात तसेच. भार पेलतं ते त्या वेढ्यांचं घर्षण, माणूस फक्त ढील देतो.

शेंड्याकडून सुरुवात केली. दोर तुकड्याच्या जाड टोकाला बांधला, तर पानांचा भार आधी झुकतो आणि कौलं फोडतो. म्हणून तो शेंड्याच्या अंगाला बांधला आणि बुडख्याला बारीक दोरी लावून मी ती अंगणातून ओढून धरली. पाडेल्याने आधी खालून खाच घेतली, मग थोडं बाहेर सरकून वरून कापलं. खालची खाच नसेल तर साल खोडापर्यंत सोलत जाते.

"चाचा, ढील द्या!"

फूटभर जाडीचा, सहा फुटी ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. तो दोन-तीन फूट मोकळा पडून एकदम अडकला, तर दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. म्हणून कापण्याआधी दोर ताठ हवा आणि सुटल्यावर तो सरकता हवा. चाचांनी दोर हाताला गुंडाळला नाही, वेटोळ्यात पाय ठेवला नाही आणि मलाही ठेवू दिला नाही. बोटीवर याच दोन चुकांनी बोटं आणि पाय गेलेले त्यांनी पाहिले आहेत. ओंडका कौलांवरून हातभर अंतराने सरकत आला आणि अंगणात टेकला.

आपल्याकडे मशीनवाल्याला मजुरी ठरवून देतात आणि दोर मात्र उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात देतात. मला ते अजिबात पटत नाही. वरच्या माणसाचा जीव खालच्याच्या हातात असतो. मी दोघांना सारखीच मजुरी दिली.

उरलेला ठुणका खोडालगतचा फुगवटा न दुखवता काढला. तो फुगवटा राखला तरच जखम भरून येते. मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, पाणी दहा लिटर, अशी बोर्डो पेस्ट लावली. उघड्या जखमेतून बुरशी शिरायला वेळ लागत नाही. खोड पोखरणाऱ्या भिरुडासाठी मात्र वेगळी नजर ठेवावी लागते.

हल्ली छाटणी निघाली की पाडेल्याच्या आधी चाचांना फोन जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने ते घरी असतात, पण तेव्हा झाड निसरडं. म्हणून पाऊस सरल्यावर, बोटीच्या दोन फेऱ्यांमधला एखादा दिवस त्यांच्याकडून मागून घ्यावा लागतो.