गळ्यात काय, तर सुरी!

गळ्यात आपण काय काय अडकवतो? ऑफिसचं आयकार्ड, इअरफोन, एखादं लॉकेट, झालंच तर हौसेनं घेतलेला रुद्राक्ष. या यादीत आता आणखी एक नाव घाला... नेक नाइफ! म्हणजे बोटाएवढ्या पात्याची, न मिटणारी छोटी सुरी. उलटी, मूठ खाली करून म्यानात लटकते. खाली ओढली की हातात. दिसायला एकदम कूल. पण मला ती हवी होती ती दिसण्यासाठी नव्हे. फ्रीलान्सरचं अर्धं आयुष्य एसटीत आणि अर्धं पार्सलं उघडण्यात जातं. पेरू कापायचा, सुतळी तोडायची, कुरिअरचा चिकटपट्टीत गुंडाळलेला डबा फोडायचा. घडीच्या चाकूच्या सांध्यात फळांचा चिकटा बसतो आणि मग तो उघडताना नख तुटतं. न मिटणाऱ्या सुरीला सांधाच नाही. नळाखाली धरली, पुसली, संपलं.

निवडताना सगळे आधी पातं बघतात. मी म्हणेन, आधी म्यान बघा! सुरी छातीवर उलटी लटकणार आहे बॉस, म्यान सैल असेल तर ती पायावर पडेल, नाहीतर पोटात रुतेल. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं म्यान चांगलं. त्यात सुरी 'टक्' आवाज करून बसते. दुकानातच उलटी धरून जोरात झटकून बघा, लाजू नका. दुसरी गोष्ट साखळी. जाड नायलॉनची दोरी मजबूत असते, आणि तोच तिचा दोष. स्कूटीवर, गर्दीत, बसच्या दारात ती अडकली तर तुटणार नाही, गळा मात्र आवळेल. म्हणून झटका बसला की सुटणारी मण्यांची साखळी घ्यावी.

पातं सहा-सात सेंटिमीटरचं पुरे. स्वीडनच्या मोरा कंपनीची एल्ड्रिस साधारण सहा सेंटिमीटरचीच आहे, आणि सफरचंदापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं कापते. पोलाद मात्र स्टेनलेसच हवं. कार्बन स्टीलला धार सुरेख लागते, पण आपल्या मे महिन्यात अंगाला चिकटलेलं कार्बन स्टील चार दिवसांत गंजेल. वजन शंभर ग्रॅमच्या आत, नाहीतर संध्याकाळी मान बोलायला लागते.

आता नांदेडला राहून सुरी ऑनलाइन मागवायची म्हणजे जरा विनोदच! सचखंड गुरुद्वाराच्या आसपास दुकानांच्या रांगा आहेत. कडी, कंगवे, तलवारी, आणि बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंतची कृपाणं. गळ्यात घालायची इवलीशी कृपाणंही असतात, म्यानासकट. मी तिथं रेंगाळत होते, तेवढ्यात लातूरहून मामीचा फोन. "तिथं मिळतात न् त्या बारक्या कटारी? आपल्या पोरीसाठी एक आण. क्लास नऊपर्यंत चालूलालेत, रात्रीची एकटी येऊलाली ती." मामेबहीण अकरावीत, नीटची तयारी करतेय. लातूरची ट्यूशन एरिया ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. रात्री नऊला तिथं जत्रा असते, पण पुढचा वळणावरचा अंधार तसाच असतो.

मी दुकानदारांना विचारलं. आधी त्यांनीच विचारलं, "कशाला पाहिजे?" मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, ही फळं कापायला नाही. आणि धाक दाखवायला तर मुळीच नाही."

बरोबरच आहे. 1699 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला तेव्हापासून कृपाण पाच ककारांतलं एक. 1708 मध्ये त्यांचं देहावसान इथं नांदेडलाच झालं. राज्यघटनेच्या 25व्या कलमाच्या स्पष्टीकरणातही शिखांच्या कृपाणाचा उल्लेख आहे. विमानात देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशाला सहा इंचांपर्यंत पात्याचं कृपाण चालतं. तुमच्या-माझ्या नेक नाइफला केबिनमध्ये जागा नाही, ती चेक-इन बॅगेत. त्यामुळे अंगावर शोभतं म्हणून कृपाण गळ्यात घालणं मला तरी पटत नाही. मंगळसूत्र कोणी कीचेन म्हणून वापरलं तर कसं वाटेल?

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, म्हणजे आपली सुरी त्यात बसत नाही. पण इथंच खरी गोम आहे! सणावारी, निवडणुकीला जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश निघतो, महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम 37. पेपरच्या आतल्या पानावर तीन ओळींची बातमी असते, आपण ती वाचत नाही. त्या यादीत सुरे असतात आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू असते. मुदत साधारण पंधरा दिवस. त्या काळात टेपमापानं वाद घालता येत नाही, सुरी घरी ठेवायची. मॉल, कोर्ट इथं तर एरवीही नाही. नीटच्या परीक्षेला कानातलं काढायला लावतात, तिथं सुरीचं काय सांगायचं?

रात्री लातूरला पोचले, मामीला समोर बसवलं आणि माझी नवी सुरी कुडत्याच्या आत घातली. "मामी, मी आता ती काढते, तुम्ही मला अडवा." ओढणी, गळा, साखळी... माझा हात म्यानापर्यंत पोचायच्या आत मामींनी मनगट धरलं होतं! गुडघेदुखीच्या मामींनी. मग दुसऱ्यांदा सुरी निघाली, तर साखळी त्यांच्या मुठीत. मामी हसल्या नाहीत. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ती त्याच्याच हातात जाईल की गं."

तेच तर! हत्यार काढायला वेळ लागतो, आणि निघाल्यावर ते कोणाच्या हातात राहील याचा भरवसा नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात ते बांधायचं आणि आपण निवांत झोपायचं, हे मला तरी जमणार नाही. बहीण म्हणाली, "ताई, मला सुरी नकोच होती. मला सातची बॅच पायजे. आईला किती दिवसांपासून सांगूलालेय." सातच्या बॅचमध्ये जागा नाही, असं क्लासवाल्यांनी सांगितलं होतं. मामा दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बसले, आणि दुपारपर्यंत जागा निघाली. त्याच गल्लीतल्या दोघी मैत्रिणी आता बरोबर असतात. फोनमध्ये 112 पहिल्या नंबरवर आहे.

माझी सुरी? ती मामींनी ठेवून घेतलीय. कैरीच्या फोडी करायला एक नंबर आहे म्हणे. मी दुसरी बघतेय, यावेळी मूठ जरा लांब हवी.