गुलदान आणि फुलदाणी

विश्रांतवाडीत आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत शोकेस असते आणि शोकेसमध्ये फुलदाणी. सुरुवातीला जोडी असते, मग एक फुटते. अम्मीच्या जहेजमधल्या जोडीचेही तसेच झाले. उरलेली फुलदाणी अम्मीने टाकली नाही आणि समोर मांडलीही नाही. म्हणाली, "अकेली अच्छी नहीं दिखती."

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याची चिनी मातीची भांडी पाहिली, त्याविषयी वाचले, तेव्हा या बोलण्याचा अर्थ आम्हाला नीट कळला. १७४० साली व्हॅन्सेन येथे निघालेला हा कारखाना १७५६ मध्ये सेव्रला आला आणि १७५९ मध्ये राजा पंधराव्या लुईने विकत घेतला. तिथे फुलदाण्या बहुधा जोडीने किंवा तीन-पाचच्या संचाने घडत. निळ्या किंवा गुलाबी रंगात पांढरी जागा राखून तिच्यात चित्र काढत, त्यावर सोन्याचे काम होई. रंग, चित्र, सोने, प्रत्येकासाठी भट्टी वेगळी, आणि कुठल्याही भट्टीत भांडे तडकण्याची भीती. दोन्ही त्यातून वाचल्या, तरी पुढे १७८९ची क्रांती, राजवाड्यांतले लिलाव, वारसांच्या वाटण्या. अखंड जोडी आज दुर्मिळ आहे ती यामुळे.

अशा जोडीत घडण एक, रंग एक. चित्रे मात्र सहसा वेगळी असत. एक दुसरीची नक्कल नसे.

या मातीचे आपल्याकडेही कौतुक झाले. १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील फ्रान्सला गेले, त्यांनी सेव्रचा कारखाना पाहिला. सोळाव्या लुईने सेव्रची भांडी नजर केली. सुलतानाने मात्र कारागीर मागितले होते. आपण नजराणा आठवतो, मागणी विसरतो.

आमच्या उर्दू शाळेत पालक विचारतात, उर्दूने पोट भरेल का? बाहेर भेटणारे विचारतात, तुम्हाला मराठी इतकी चांगली कशी येते? दोघेही एकच फुलदाणी ठेवायला सांगत असतात. मुलांच्या घरात दोन्ही भाषा आहेत. त्यांतली एक फुटली तर दुसरीचेही मोल निम्म्याहून खाली येईल, अशी आमची भीती आहे.

यंदा पाचवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर उजवीकडून उर्दूत 'गुलदान' लिहिले आणि डावीकडून मराठीत 'फुलदाणी'. फूल आपले, 'दान' फारसीतून आलेले. त्याचीच मराठीत 'दाणी' झाली. मग मुलेच शब्द सांगू लागली. इत्रदान, अत्तरदाणी. चायदान, चहादाणी. पीकदान, पिकदाणी, यावर वर्ग खूप हसला. उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी सरकत फळ्याच्या मध्यावर आली. तास संपला तेव्हा तिथे लिहायला जागा उरली नव्हती.